फोटो कोणी काढला, ते आधी सांगा

परवा सकाळी फिरून झाल्यावर आमच्या नेहमीच्या कट्ट्यावर एक फोन हातोहात फिरत होता. पडद्यावर १९३९ सालचे बर्लिन. लाल झेंड्यांच्या रांगा, त्यांवर एप्रिलचे स्वच्छ ऊन, कडक इस्त्रीचे गणवेश, चकचकीत मोटारी. आमच्यातले एक निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "काय शिस्त आहे हो! रस्त्यावर कागदाचा एक कपटा दिसतो का बघा." दुसऱ्यांना रंगांचे नवल वाटले, "काल काढल्यासारखे वाटतात!" आणि तिसऱ्यांनी आपल्याकडचे ते ठरलेले वाक्य टाकले, "या देशाला असाच एक पाहिजे." फोन माझ्या हाती आला तेव्हा मी विचारले, "हे फोटो काढले कोणी?" कोणालाच माहीत नव्हते. तेवढ्यात चहा आला आणि बोलणे पाणीकपातीवर गेले.

ही माणसे दुष्ट नाहीत. 'असाच एक पाहिजे' म्हणणाऱ्या गृहस्थांनी कोविडच्या दिवसांत अनोळखी घरांच्या दाराशी जेवणाचे डबे ठेवले आहेत. असा माणूस ते छायाचित्र पाहून ते वाक्य बोलतो, म्हणूनच हे लिहायला बसलो. नाझी राजवटीची रंगीत छायाचित्रे आता वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येतात, शाळांच्या भित्तिपत्रकांवर चिकटतात, दिवाळीत नातवाच्या टॅबवर दिसतात. 'दुर्मीळ' एवढा एकच शब्द खाली असतो. तेवढ्यावर भागते का? माझे काही मुद्दे आहेत.

१. पहिली गोष्ट, हे रस्त्याने चाललेल्या कोणा वाटसरूने सहज टिपलेले क्षण नव्हेत. कट्ट्यावर फिरले तसे बर्लिनचे रंगीत फोटो ह्यूगो येगर या छायाचित्रकाराने काढले. तो म्युनिकचा. हिटलरच्या अगदी जवळ जाण्याची मुभा असलेल्या मोजक्या छायाचित्रकारांपैकी तो एक होता, आणि रंगीत फिल्म वापरणारे तर त्याहून मोजके. २० एप्रिल १९३९ ला हिटलरचा पन्नासावा वाढदिवस बर्लिनमध्ये सरकारी थाटात झाला, तेव्हा येगर तिथे होता. आपल्याकडे मंत्र्याच्या दौऱ्याआधी रातोरात खड्डे बुजतात आणि चुना मारलेल्या कडा उजळतात, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. मग बर्लिनच्या त्या रस्त्यावर कागदाचा कपटा का नव्हता, याचा उलगडा आपल्याला होऊ नये? स्वच्छतेचा तो देखावा कॅमेऱ्यासाठीच मांडलेला होता. त्या रंगांनी आपण आज भुलतो, म्हणजे ज्यासाठी तो मांडला ते काम ८५ हून अधिक वर्षांनंतरही बिनबोभाट चालू आहे.

२. दुसरी गोष्ट फिल्मची, आणि ती जरा सावकाश सांगितली पाहिजे. १९३६ मध्ये आग्फा कंपनीने नवी आग्फाकलर फिल्म बाजारात आणली. पारदर्शिका प्रकारची, म्हणजे भिंतीवर टाकून पाहायची स्लाइड. पण ही फिल्म मंद होती. तिला भरपूर उजेड लागे. ढगाळ दिवस, जिन्याखालचा अंधार, रात्रीची धाड, तळघरातली कोठडी यांतले काहीही तिच्या आवाक्यात सहजी येत नसे. आता जर्मनव्याप्त पॅरिसचा विचार करा. तिथे आंद्रे झुका हा फ्रेंच छायाचित्रकार 'सिग्नाल' या जर्मन लष्कराच्या प्रचार पाक्षिकासाठी काम करत होता. सामान्य पॅरिसकराला जी फिल्म मिळणे अशक्य होते, ती त्याला मिळत होती. त्याने उन्हातले पॅरिस टिपले. बागेत गॉगल लावून बसलेल्या तरुणी, घोड्यांच्या शर्यतीला आलेल्या बायकांच्या टोप्या, दुकाने, सायकली. मार्च २००८ मध्ये पॅरिस शहराच्या इतिहास ग्रंथालयाने यातली सुमारे २७० छायाचित्रे प्रदर्शनात मांडली, आणि गदारोळ झाला. भिंतींवर फोटो होते, पण हे झुका कोण, त्यांना फिल्म कोणी पुरवली, हे येणाऱ्याला धड सांगितलेलेच नव्हते. ज्यांनी ते दिवस भोगले होते ते म्हातारे पॅरिसकर विचारत होते, आमच्या रेशनच्या रांगा कुठे गेल्या? आमची थंडी कुठे गेली? प्रदर्शनाच्या नावातल्या 'पॅरिसवासी' या शब्दावरही आक्षेप आला, कारण हे सगळे पॅरिसवासी नव्हेत, काही पॅरिसवासी आहेत. अखेर शहरात लावलेली जाहिरात-पत्रके काढून घेतली गेली, आणि फोटो कोणी, कोणासाठी काढले हे सांगणारे पत्रक प्रेक्षकांच्या हाती दिले जाऊ लागले. प्रदर्शन मात्र बंद झाले नाही. ते योग्यच झाले, त्याबद्दल पुढे बोलेन.

आता त्याच पॅरिसमधला दुसरा एक प्रसंग. १६ आणि १७ जुलै १९४२ ला फ्रेंच पोलिसांनी १३ हजारांहून अधिक ज्यू माणसे घरांतून उचलली, त्यांत ४ हजारांवर लहान मुले होती. यांतल्या बहुतेकांना, मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना, 'वेलोद्रोम दिव्हेर' या सायकल शर्यतींच्या बंदिस्त क्रीडागारात कोंडले. तिथून छावण्या, छावण्यांतून आउश्वित्झ. या प्रसंगाचे किती फोटो उपलब्ध आहेत? त्या क्रीडागाराबाहेर उभ्या असलेल्या बसगाड्यांचा एक. कृष्णधवल. आतले एकही माणूस त्यात दिसत नाही. एकीकडे गॉगल आणि टोप्यांचे शेकडो रंगीत फोटो, दुसरीकडे १३ हजार माणसांसाठी बाहेरून काढलेला हा एकुलता एक. ज्याच्या हाती फिल्म होती त्याच्याच आठवणी रंगीत राहिल्या, आणि आपण त्या रंगीत आठवणींना 'तो काळ' म्हणायला लागलो.

३. तिसरा मुद्दा दोन पेट्यांचा आहे. माझ्या मते सारा वाद या दोन पेट्यांत आहे.

पहिली पेटी येगरची. १९४५ मध्ये अमेरिकन सैनिक म्युनिकजवळच्या त्याच्या मुक्कामी शिरले. हिटलरच्या खासगीतल्या हजारो स्लाइड एका कातडी बॅगेत होत्या. सैनिकांनी बॅग उघडली, आत कोन्याकची एक बाटली सापडली, ती पाहून स्वारी खूश झाली आणि स्लाइडकडे कोणी पाहिले नाही. हादरलेल्या येगरने पुढे त्या स्लाइड काचेच्या बारा बरण्यांत भरून शहराबाहेर जमिनीत पुरल्या. अधूनमधून जाऊन त्या ठीक आहेत ना हे तो बघून येई. १९५५ मध्ये त्याने त्या उकरून बँकेच्या तिजोरीत ठेवल्या आणि १९६५ मध्ये 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाला विकल्या. सुमारे २ हजार स्लाइड होत्या, आणि रंग शाबूत होते.

दुसरी पेटी हेन्रिक रॉसची. पोलंडमधल्या लोड्झ शहरात जर्मनांनी १९४० च्या वसंतात दीड लाखाहून अधिक ज्यूंना कुंपणात डांबले. त्या वस्तीत रॉस अधिकृत छायाचित्रकार होता. काम ओळखपत्रांचे फोटो काढण्याचे. फिल्म मोजून मिळे. त्याने एक युक्ती केली. पायऱ्यांसारखे मचाण करून एकाच फ्रेममध्ये अनेक माणसे उभी करायची, मग चेहरे वेगवेगळे कापून घ्यायचे. वाचलेल्या फिल्मवर तो ते टिपायचा, जे टिपताना सापडला असता तर जीव गेला असता. कोटाच्या आत कॅमेरा, बटणे क्षणभर सोडायची, एक क्लिक, पुन्हा कोट बंद. रस्त्यात कोसळलेला माणूस. मैल्याची गाडी ओढणारे कुटुंब. १९४२ च्या सप्टेंबरात दहा वर्षांखालची मुले आणि पासष्टीच्या वरचे म्हातारे 'पाठवून द्या' असा हुकूम निघाला, तेव्हाच्या ताटातुटी. १९४४ मध्ये वस्ती रिकामी करायला घेतली, तेव्हा रॉसने सुमारे ६ हजार निगेटिव्ह पेटीत भरून पुरल्या. मार्च १९४५ मध्ये त्याने पेटी उकरली, तोवर आत पाणी झिरपले होते. जेमतेम निम्म्या वाचल्या. कित्येकांवर चेहऱ्यांच्या जागी डाग आहेत, कडा खाल्लेल्या आहेत. १९६१ मध्ये नाझी अधिकारी आइखमनवरच्या खटल्यात रॉस साक्षीला उभा राहिला.

पुरणारे दोघेही. एकाने अंगाशी येईल म्हणून पुरले, दुसऱ्याने आपल्यामागे कोणीतरी बघावे म्हणून. एकाच्या स्लाइड चकचकीत बाहेर आल्या, दुसऱ्याच्या निगेटिव्ह कुजून. आणि आपल्या फोनवर कुठल्या येतात? ज्या दिसायला छान आहेत त्या.

त्याच लोड्झची आणखी एक गोष्ट आहे. त्या वस्तीचा कारभार हाकणाऱ्या जर्मन कचेरीत वाल्टर गेनेवाइन नावाचा ऑस्ट्रियन मुख्य हिशेबनीस होता. त्याला रंगीत फोटोंचा नाद. त्याच्या सुमारे ४०० स्लाइड १९८७ मध्ये व्हिएन्नातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाल्या. शिंपीकामाचे कारखाने, खोगिरे, पेंढ्याचे बूट, मालाच्या थप्प्या, रांगेत बसून काम करणारी माणसे. सगळे नीटनेटके, एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालात शोभावे असे. या माणसाने आग्फा कंपनीला तक्रार लिहिली होती. कसली? स्लाइडवर तांबूस-तपकिरी झाक येते, याची. ज्या वस्तीत सुमारे ४५ हजार माणसे उपासाने आणि रोगराईने मेली, तिथे बसून हा गृहस्थ रंग बिघडल्याचे पत्र लिहीत होता. पोलिश दिग्दर्शक दारियुश याब्वोन्स्की यांनी १९९८ मध्ये यावर 'फोटोअमातोर' हा माहितीपट केला. त्यात आर्नोल्ड मोस्तोविच बोलतात. त्या वस्तीत डॉक्टर होते, जगले वाचले. दिग्दर्शकाने एक उलटापालट केली आहे. गेनेवाइनचा भूतकाळ रंगीत, आणि आज बोलणारे मोस्तोविच कृष्णधवल. म्हातारे डॉक्टर त्या स्लाइड बघतात आणि त्यांची अडचण आपल्याला कळते. फोटोत दिसते ते सगळे तिथे होते, तरी ते ज्या वस्तीत राहिले ती वस्ती यात नाही. फोटो खरा असून साक्ष खोटी असू शकते, हे ज्याला उमगले नाही त्याने 'दुर्मीळ छायाचित्रे' छापण्याचा धंदा करू नये.

४. आग्फाबद्दल आणखी थोडे. ही कंपनी आय. जी. फार्बेन या रसायन उद्योगसमूहाचा भाग होती. याच समूहाने आउश्वित्झच्या कडेला मोनोवित्झ इथे कृत्रिम रबराचा कारखाना उभारला आणि कैद्यांना मरेपर्यंत राबवले. गॅस चेंबरांत वापरलेले विषारी 'झिक्लोन बी' विकणाऱ्या कंपनीतही याच समूहाची मोठी भागीदारी होती. आग्फाच्या वोल्फेनमधल्या फिल्म कारखान्यातही छळछावणीतून आणलेल्या स्त्रिया कामाला जुंपल्या गेल्या. तेव्हा 'रंग काय सुंदर आलेत' म्हणताना तो रंग कुठल्या कारखान्यातून आला हेही माहीत असू द्या.

५. "म्हणजे हे फोटो दाखवूच नयेत, असे तुमचे म्हणणे?" हा प्रश्न येणार. माझे उत्तर स्वच्छ 'नाही' असे आहे. झाकाझाकीने कुठल्याही हुकूमशाहीचे नुकसान झालेले नाही. पॅरिसच्या महापालिकेने प्रदर्शन गुंडाळले असते तर झुकाला फुकटचे हौतात्म्य मिळाले असते. आणि रंग नेहमीच गोडवा घेऊन येतो असेही नाही. कीव्हजवळच्या बाबी यारच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यू मारले गेले. हा आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे, शेवटच्या एका माणसापर्यंत मोजलेला. त्यानंतर काही दिवसांनी जर्मन लष्कराचा प्रचार-छायाचित्रकार योहानेस हेले तिथे पोचला आणि त्याने रंगीत फिल्मवर ती घळ टिपली. घळीच्या तळाशी कपडे चिवडणारे गणवेशधारी. मातीवर पसरलेले कोट, मुलांचे कपडे, एक लाकडी पाय. कपड्यांचे रंग अजून उतरलेले नाहीत. कोणीतरी आदल्या आठवड्यात घालून निघाले होते, हे त्या रंगांनीच कळते. कृष्णधवल फोटोत तो सगळा ढीग 'इतिहास' होऊन बसला असता.

आणि खुद्द येगरही फक्त मिरवणुकाच टिपत होता असे नाही. पोलंडमधल्या कुटनो गावी आठेक हजार ज्यूंना एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या आवारात कोंबले होते. (साखर कारखान्याचे आवार म्हणजे केवढे, हे सांगली-नगरच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. मात्र आपल्याकडे गाळपाला येतो तो ऊस.) येगरने तिथली रंगीत छायाचित्रे काढली. मोडक्या फळकुटांचे आडोसे, उघड्यावर मांडलेला संसार, कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिलेली माणसे. हिटलरचा लाडका छायाचित्रकार तिथे कशाला गेला, त्याच्या मनात काय होते, यावर कितीही तर्क लढवा. एक मात्र खरे. बर्लिनचा वाढदिवस आणि कुटनोचा साखर कारखाना एकाच माणसाने रंगीत फिल्मवर टिपले. आपल्या पुरवणीत पहिला येतो, दुसरा येत नाही. ही निवड येगरने केलेली नाही, ती आपल्या संपादकांनी केलेली आहे.

६. हे सगळे जर्मनांचे, आपला काय संबंध, असे म्हणणाऱ्यांना मी तीन गोष्टी विचारीन. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचे उपाहारगृह निघाले, त्याचे चित्र लावून. नाव बदलले ते कधी? ज्यू समाजाने जाहीर निषेध केला तेव्हा. उद्घाटनाला गेलेल्यांपैकी कोणाच्या घशात घास अडकल्याचे ऐकिवात नाही. फुटपाथवर परीक्षेच्या गाइडांशेजारी हिटलरच्या 'माइन काम्फ'चा मराठी अनुवाद 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणून आजही खपतो, तो कोण घेतो? आणि रायगडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, तेल गाळणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायली आपल्याच भाषेत बोलतात. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. त्यांच्यातली एखादी आजी कट्ट्यावरचा तो फोन बघत असती, तर 'असाच एक पाहिजे' हे वाक्य आपण तिच्यादेखत उच्चारले असते का? तिच्यादेखत जे बोलवत नाही ते तिच्यामागे बोलायचे, याला आपण मोकळेपणा म्हणतो.

संबंध यापेक्षाही जवळचा आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला बसल्या. मार्गदर्शकांची अपेक्षा अशी, की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी इतरांहून वेगळ्या प्रकारे विषम असते आणि त्यात त्याची बौद्धिक सरशी दिसते, हे मोजमापांनी दाखवावे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. एकेक कवटी हातात घेऊन, अंतरे नोंदवून. आणि निष्कर्ष लिहिला की वंशाशी असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशातली विशीतली बाई, समोर संस्थेचा प्रमुख, पदवी त्याच्या हातात. पुढे तेच फिशर नाझी काळात बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि युद्धकाळात नाझी डॉक्टर मेंगेलेने आउश्वित्झमधून अवयवांचे नमुने पाठवले ते याच संस्थेला. बाईंना तेव्हा पुढचे काही ठाऊक नव्हते. समोर ठेवलेल्या वस्तूकडे, ठेवणाऱ्याला हवे होते तसे त्यांनी पाहिले नाही, एवढेच. आपण त्यांचे 'युगान्त' कपाटात मिरवतो. त्यांची नजर मात्र उचलायची राहून गेली.

आणि रंगांचेच कौतुक असेल तर तेही सांगतो. नाझींनी ऑस्ट्रिया घशात घातला तेव्हा वॉल्टर लँगहॅमर हा चित्रकार, पत्नी ज्यू असल्यामुळे, व्हिएन्ना सोडून मुंबईला आला. इथे 'टाइम्स ऑफ इंडिया'चा कलासंचालक झाला. रझा, आरा यांच्यासारख्या तरुण चित्रकारांना त्याच्या घराचे दार उघडे होते, आणि रंगाकडे कसे बघावे हे ते त्याच्याकडून शिकले. त्या राजवटीने पळवून लावलेला रंग असा मुंबईला आला. तो आपल्याला दुर्मीळ वाटत नाही!

७. आता एक नवीच साथ आली आहे. पूर्वी रंगीत फिल्म राजवटीच्या हातात होती. आज कोणीही कुठल्याही कृष्णधवल फोटोला दोन मिनिटांत रंग फासतो. २०२१ मध्ये कंबोडियात काय झाले ते आठवा. ख्मेर रूज राजवटीच्या तुओल स्लेंग तुरुंगात ठार मारण्याआधी कैद्यांचे फोटो काढले जात. एका परदेशी कलाकाराने ते रंगवले आणि काही चेहऱ्यांवर चक्क हसू चढवले. कंबोडियाच्या सरकारने आणि मृतांच्या नातेवाइकांनी आवाज उठवल्यावर ते मागे घेतले गेले. २०२५ मध्ये आउश्वित्झ स्मारकालाच जाहीर इशारा द्यावा लागला, की कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली, कधी अस्तित्वातच नसलेल्या बळींची चित्रे खरी म्हणून फिरवली जात आहेत. ती चित्रे गहिवर आणणारी असतात, म्हणून पुढे पाठवली जातात. पण एका खोट्या बळीचा बोभाटा झाला की खऱ्या लाखोंवर शंका घेणाऱ्यांचे आयतेच फावते. सहानुभूतीने पसरवलेले खोटेसुद्धा खोटेच असते, आणि ते नेमके ज्यांच्यासाठी पसरवले त्यांच्याच मुळावर येते.

८. मग करायचे काय? माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत, कायदा-बियदा तर मुळीच नको. संपादकांनी 'दुर्मीळ' हा शब्द काही वर्षे टांगून ठेवावा आणि त्या जागी छायाचित्रकाराचे नाव, साल, गाव आणि फोटो कोणासाठी काढला ते छापावे. रंग मूळचा की नंतर चढवलेला, हे त्याच ओळीत यावे. शिक्षकांनी येगरचा एक फोटो वर्गात दाखवला तर शेजारी रॉसचा एक दाखवावा आणि मुलांना काहीही न सांगता दहा मिनिटे बघू द्यावे. नववी-दहावीची पोरे काय काय विचारतात ते बघा, आपल्या कट्ट्यापेक्षा नक्की बरे विचारतील. प्रकाशकांकडून अपेक्षा ठेवण्याचे मी सोडले आहे, तरी हिटलरचे पुस्तक छापायचेच असेल तर त्याच्यासोबत टिपणे आणि प्रस्तावना द्यावी. जर्मनीत २०१६ मध्ये म्युनिकच्या इतिहास संस्थेने ते हजारो टिपांसह काढले, दोन जाडजूड खंडांत. आपल्याकडे ते चांदीच्या अक्षरांत, टीप एकही नाही. आणि तुम्ही-आम्ही? फोन हातात आल्यावर विचारावे. कट्ट्यावर मला जरा हसले, हसू देत.

जागा नसते, असे पुरवणीवाले मित्र म्हणतात. त्या दिवशी घरी येऊन मी एक टीप लिहून बघितली, कुटनोच्या फोटोखाली छापता येईल अशी:

'कुटनो, पोलंड, १९४० च्या सुमारास. बंद साखर कारखान्याच्या आवारात कोंडलेले ज्यू रहिवासी. छायाचित्र: ह्यूगो येगर, हिटलरचा छायाचित्रकार. मूळ रंगीत स्लाइड. १९४२ च्या वसंतात इथल्या लोकांना खेल्मनोला नेऊन विषारी वायूने मारण्यात आले.'

पाच ओळी झाल्या. समोरच्या पुरवणीच्या एका पानावर चष्म्याच्या दुकानाची जाहिरात होती, तिला बावीस ओळींची जागा दिलेली होती.